उकंडभाऊंचं शीड

उकंडभाऊंना ‘बसा’ म्हणणं हा मी नव्या संसारात केलेला पहिला फुकटचा उद्योग. पूर्णेच्या काठच्या त्या खेड्यात ह्यांची शाळेवर बदली झाली आणि आम्ही सामान उतरवलं, त्याच संध्याकाळी शेजारचा एक उंच, हाडकुळा, गुडघ्याच्या वर धोतर खोचलेला माणूस दारात येऊन उभा राहिला. मी बाज पुढे केली.

“बसा ना.”

“हाव, बसतो ना,” असं म्हणाले आणि ती बाज त्यांनी उलटी केली. “सुतळी सैल झाली हो हिची, मास्तरीनबाई. कोनं इनली?”

बाज माझ्या माहेरची, खामगावची. कोणी विणली ते मला काय ठाऊक! तोवर त्यांनी निम्मी सुतळी सोडलीही होती. दिवेलागणीला बाज ढोलासारखी घट्ट झाली, आणि उकंडभाऊ आले तसे उभ्याउभ्या निघून गेले. पुढे त्या बाजेवर सारं गाव बसून गेलं, ते कधी बसले नाहीत. जेवायचेसुद्धा उभ्यानं. एका हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा, आणि दुसरा हात कशाला तरी चाचपत असायचा. कधी गाडीचं चाक, कधी विहिरीची चाकी, कधी आमच्या खिडकीची बिजागरी.

उकंडराव हे नाव ऐकून पुण्याकडची माणसं हसतात. हसोत. आमच्या वऱ्हाडात आधीची लेकरं जगली नाहीत की नव्या लेकराला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचे आणि परत उचलायचे, म्हणजे टाकाऊ समजून यम त्याच्याकडे बघत नाही. त्यांच्या पत्नी, पारबताबाई, म्हणायच्या, “बाई, उकिरड्यावरून उचलतानी माह्या सासूनं लय घाई केली. थेच घाई यायच्या आंगात शिरली.”

घाईनं त्यांनी बरीच कामं केली. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे एकुलत्या एका मुलीचं, वच्छलाचं लग्न. घर चांगलं, जमीन काळी, मुलगा निर्व्यसनी. गाव नदीपलीकडे, वरवट बकालच्या रस्त्याला लागायच्या आधी. सोयरीक ठरली वैशाखात. वैशाखात आमची पूर्णा घोट्याइतकी. गाड्या खडखडत पलीकडे जायच्या, वाटेत बैल पाणी प्यायचे. “माही पोरगी काय दूर हाये? इकडून हाक मारली का तिकडून हो म्हनते,” असं लग्नात ते ज्याला-त्याला सांगत फिरले म्हणे. सारा जन्म नदीकाठी गेलेला हा माणूस, आणि पोरीचं सासर बघताना नदीचा श्रावण विसरला! गावात म्हणच पडली होती. कोणी घाईत बैल घेतला, सून आणली, की लोक म्हणायचे, “वैशाखातली नदी पाहून सोयरीक केली रे तुनं.”

श्रावणात नागपंचमीला लेक माहेरी यायची. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर सासरी पोरीला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते ज्या बाईनं ऐकलंय तिलाच माहीत. वच्छलाला भाऊ नाही, म्हणून मुऱ्हाळी बापच. आणि श्रावणात पूर्णा लाल होऊन, दोन्ही काठ खात, झाडं वाहून नेत असायची. भोई नाव बांधून ठेवायचे. वळसा घालून जावं तर काळ्या मातीत गाडी आसापर्यंत रुतायची. लग्नानंतरची पहिली पंचमी तशीच गेली, दुसरीही गेली.

वाईट याचं होतं, की पोरगी दिसायची. पलीकडच्या घाटावर ती धुणं घेऊन यायची आणि मुद्दाम लाल लुगडं बाभळीवर पसरायची. इकडे उकंडभाऊ काठावर येरझाऱ्या घालायचे. हात वर करायचे. तिकडून एक काडीएवढा हात वर व्हायचा. मध्ये नदीचा असा आवाज, की हाक मारणं म्हणजे आपल्याच कानात ओरडणं. “इकडून हाक मारली का हो म्हनते,” हे आपलंच बोलणं त्यांना रोज त्या आवाजात ऐकू येत असणार. घरी आले की ते सरळ गोठ्यात जाऊन कशाची तरी मोडतोड करायचे.

ह्या मोडतोडीतून शीड निघालं.

तरुणपणी कुठल्याशा व्यापाऱ्याच्या कापसाबरोबर ते मुंबईला जाऊन आले होते. मुंबईत काय पाहिलं विचारलं तर म्हणायचे, “शीड पाह्यलं.” अहो, आणखी काही? “नाही. शीडच पाहत व्हतो.” एका दुपारची ती शिदोरी त्यांनी इतकी वर्षं बांधून ठेवली होती. तिसऱ्या वर्षी पऱ्हाटीचा कापूस वेचून झाला आणि त्यांनी भोयांना एक गोऱ्हा देऊन त्यांची जुनी नाव घरी आणली. आणि मग आमच्या ओसरीवर उभं राहून, माझ्या विळीनं जमिनीवर रेघा ओढत, ह्यांना समजावलं.

“पाहा मास्तर. नदी वाह्यते अशी, मावळतीकडं. पावसाळी वारा येते मावळतीकडून. नदी मले खाली वढते, वारा वर लोटते. दोघं भांडत बसतीन, आपन मधातून पल्याड!”

हे चष्मा पुसत बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. म्हणाले, “तर्क बरोबर आहे.” झालं. तेवढ्या एका वाक्यावर आमचं घर नावेचा कारखाना झालं.

शीड शिवलं हसनमियाँनी. हसनमियाँ गावचे शिंपी, पण त्यांची खरी ख्याती पोळ्याच्या झुलींची. त्यांच्या झुली न्यायला वडनेर भोलजीहून माणसं यायची. जाड मांजरपाट, गाडीवरचं जुनं ताडपत्र, दुपट्याचे तुकडे असं काय काय उकंडभाऊंनी त्यांच्यापुढे टाकलं. माझ्या चादरीकडेही त्यांची नजर होती, पण मी ती पेटीत घातली आणि पेटीवर बसले. पंधरवड्यानं शीड उलगडलं तर काय! चहूबाजूंनी लाल किनार, कोपऱ्यांना आरशाचे तुकडे, आणि खालून-वरून लोकरीचे गोंडे.

“हे काय केलं बे हसन? शीड सांगतलं तर झूल शिवून आनली!”

हसनमियाँ शरमले. “हात की आदत हाय उकंड. कापड मोठं दिसलं का सुई आपोआपच चालते. काढू काय गोंडे?”

गाव पोट धरून हसत होतं. उकंडभाऊ मात्र गोंड्यांकडे बघत होते. वाऱ्यानं ते एका अंगाला फडफडत होते. “नको काढू,” ते म्हणाले. “वारा कुठून येऊन राह्यला थे हे गोंडे सांगतीन. आरसे काढ, थे काही सांगत नाही.”

नदीत अजून कमरेइतकं पाणी होतं तेव्हा पहिल्यांदा शीड बांधलं ते आडवं, मुंबईच्या आठवणीत बसेल तसं. वाऱ्यानं नाव सरळ वर, प्रवाहाच्या उलट नेली आणि आमच्याच काठाला पुढच्या वळणावर लावली. वर जाते, पलीकडे जात नाही! कितीतरी दिवस ते ह्या एका गोष्टीवर तळमळले. चालताना हात तिरके-सरळ करायचे. पोरं त्यांच्यामागे तसेच हात करत जायची. शेवटी एका सकाळी पारबताबाई अंगणात ज्वारी उफणत होत्या. उकंडभाऊ दारात उभे, हातात भाकरी. बाईंनी सूप थोडं तिरपं केलं, तसं भूस एका बाजूला गेलं.

“अवं, पुन्हा कर!”

“काय करू?”

“थेच. सूप तिरपं धर.”

त्यांनी धरलं. परत धरलं. ज्वारी केव्हाच साफ झाली होती, तरी बिचाऱ्या रिकामं सूप तिरपं धरून उभ्या. शेवटी चिडून म्हणाल्या, “माहे हात गळले. आता नदीतच नेऊन उभी करा मले.” पण त्या दिवसापासून शिडाचं आडवं लाकूड तिरपं बसलं आणि डाव्या-उजव्या दोन्ही अंगाला फिरायला लागलं. नाव पलीकडच्या दिशेनं सरकायला लागली. पारबताबाई मला हळूच म्हणाल्या, “सूप माहंच व्हतं हो बाई,” आणि पदरात हसल्या.

ज्येष्ठात पाणी चढलं, तेव्हा हे त्यांच्याबरोबर गेले. मी नको म्हणत होते. “वजन पाह्यजे नावेत,” उकंडभाऊ म्हणाले, आणि आमच्या ह्यांना आयुष्यात प्रथमच कोणी वजनदार म्हटल्यानं हे खूश होऊन बसले. सगळा दोर अंबाडीचा, घरी वळलेला. शिडाचा दोर डोलकाठीवरच्या विहिरीच्या चाकीतून खाली येऊन बुंध्याला बांधलेला, आणि गाठ कोणती? दाव्याची! बैल ओढेल तशी जी आवळते, ती. उकंडभाऊंच्या हातांना दुसरी गाठ माहीतच नव्हती. बैल सुटू नये ही सगळ्या जन्माची काळजी. शीड मात्र वेळेला सुटायला हवं, हे हातांना कोण सांगणार! वरून पाऊस आला. अंबाडी भिजून फुगली, गाठ दगड झाली. वारा वाढला तशी नाव उधळली. हे सांगतात, उकंडभाऊ दातांनी गाठ सोडवत होते आणि मधून मधून ओरडत होते, “हो, हो, हो रे राजा!” म्हणजे बैलाला थांबवतात तसं. राजा थांबला तो वरच्या वळणावरच्या बाभुळबनात.

हे घरी आले ते एका पायात जोडा, टोपी नाही, पाठीत काटे. मी सुई घेऊन काटे काढत होते आणि जीव इतका घाबरला होता की तोंडातून शिव्याच येत होत्या. त्या ऐकत हे म्हणाले, “प्रवाहाच्या विरुद्ध गेलो आज आपण.” दुसऱ्या वर्गाला सांगावं तसं.

त्या दिवशी पारबताबाई भांडल्या. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. “पोरगी तिकडं, तुमी पान्यात, मी कोनाकडं पाहू? नाही आली पंचमीले तर नाही आली! जितीजागती हाये ना थे?” उकंडभाऊ एवढंच म्हणाले, “थे लुगडं वाळू घालते, पारबता. सुकलेलंच लुगडं रोज वाळू घालते.” मी भिंतीशी उभी होते. माझं माहेर खामगावात, मध्ये नदी नाही, तरी त्या श्रावणात मला न्यायला कोणी येणार नव्हतं. मला रडू आलं, ते कोणासाठी ते कळलं नाही.

गाठीचं उत्तर त्यांना सापडलं ते बैल सोडताना. पेरणीच्या तिफणीवरून आले होते, पाऊस सुरू झाला होता, बैल गोठ्याकडे ओढ घेत होते. जुवाच्या टोकाला बैलाची मान बाहेर निघू नये म्हणून एक लाकडी खुंटी असते, तिला शिवळ म्हणतात. शिवळ उपसली की बैल मोकळा. ती त्यांनी उपसली आणि तशीच हातात घेऊन, चिखलासकट, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आले. बैल मोकळे गावभर.

“मास्तरीनबाई! आवळलेला बैल कसा सुटते?”

“कसा?”

“असा!” शिवळ त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर नाचवली. “गाठ कायले पाह्यजे? मी बी काय बह्याड!”

मोडक्या जुवाचा एक तुकडा त्यांनी डोलकाठीच्या बुंध्याला ठोकला, भोकात शिवळ घातली, आणि शिडाचा दोर गाठ न मारता शिवळीला नुसते वेढे देऊन ठेवला. शिवळ उपसली की वेढे सुटणार आणि शीड खाली. भिजो, फुगो, काही होवो. आमच्या अंगणात नाव उभी करून त्यांनी ते शीड इतक्या वेळा वर-खाली केलं, की कोंबड्यांनीही दचकणं सोडलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी नदी भरलेली, वारा मावळतीचा, गोंडे ताठ. उकंडभाऊंनी नवं धोतर नेसलं, डोक्याला पागोटं बांधलं. मुऱ्हाळी म्हणून जायचं तर थाटात जायला हवं. पारबताबाईंनी पुरणाची पोळी बांधून दिली आणि नदीची ओटी भरली. आम्ही सारे काठावर. हसनमियाँ ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. भोई हात बांधून उभे होते, कुत्सितपणे नव्हे, वेळ आली तर उडी घ्यायला.

नाव सुटली. एकदा पाणी खाली ओढायचं, एकदा वारा वर लोटायचा. शिडाचं ते झुलीसारखं लाल किनारीचं कापड लहान लहान होत गेलं आणि पलीकडच्या बाभळीखाली जाऊन मिटलं. मग वाट बघणं आलं. व्याही काय म्हणतो, पाठवतो की नाही, कोण जाणे. पारबताबाई गवताची काडी तोडत, टाकत, दुसरी तोडत होत्या. ऊन कलायला लागलं तेव्हा शीड परत वर झालं आणि नावेत एक लाल ठिपका दिसला.

मध्यावर आले असतील. वरून एक अख्खी बाभूळ, मुळांसकट, फिरत फिरत खाली येत होती. भोई ओरडले. त्याच वेळी वाऱ्याचा असा झोत आला की नाव कलली आणि थेट त्या बाभळीच्या वाटेकडे धावली. उकंडभाऊ मागे, दोन्ही हात सुकाणूला. सोडले तर नाव उलटणार. डोलकाठी त्यांच्यापासून लांब. मी डोळे मिटले. पारबताबाईंनी मिटले नाहीत. त्यांनी माझा दंड इतका आवळला, की पुढे आठवडाभर तिथे काळंनिळं होतं.

“सुटलं!” हसनमियाँ ओरडले.

डोळे उघडले तेव्हा शीड खाली कोसळलं होतं, नाव जागच्या जागी घुटमळत होती आणि बाभूळ तिच्या नाकासमोरून निघून गेली होती. लाल ठिपका डोलकाठीपाशी उभा होता.

नाव खालच्या बाजूला, म्हसणवट्याच्या घाटाला लागली. आम्ही धावत गेलो. वच्छला चिंब भिजलेली, पण हातातली शिवळ सोडत नव्हती. आईच्या गळ्यात पडायच्या आधी तिनं बापाला विचारलं, “बाबा, हे आपल्या ढवळ्याच्या जुवाची शिवळ हाय ना?”

“हाव.”

“मले काही समजलं नाही, दोर कोनता, काय कोनतं. शिवळ दिसली, तं उपसली.”

उकंडभाऊ हसायला गेले, पण तोंड वाकडं झालं. मग ते पाठ फिरवून उगाचच शीड पिळत बसले. म्हणजे उभे राहिले. बसले नाहीतच.

पंचमी झाली. वच्छला झोक्यावर बसली, गावातल्या साऱ्या पोरी भोवती जमल्या. व्याह्यानं एका अटीवर पाठवलं होतं. पंचमी झाली की आणून सोडायचं. आणि दोन दिवसांनी पलीकडच्या घाटावर, जिथं लाल लुगडं वाळायचं, तिथं बाभळीवर एक पांढरं धोतर दिसायला लागलं. पोरगी पाठवा, असा त्याचा अर्थ. उकंडभाऊ सकाळी काठावर जायचे, धोतराकडे बघायचे, गोंड्यांकडे बघायचे आणि घरी येऊन सांगायचे, “आज वारा नाही.”

पहिल्या दिवशी पारबताबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोरीवरचे कपडे उडून शेजारच्या गोठ्यात गेले होते ते गोळा करत होते. मी म्हटलं, “खरंच, आज वारा नाही.” हसनमियाँ रस्त्यावरून जाताना टोपी एका हातानं दाबून धरत म्हणाले, “पत्ता नाही हललं सकाळपासून.” सारं गाव त्या आठवड्यात खोटं बोलत होतं, आणि इतकं पुण्यवान खोटं मी परत कुठे ऐकलं नाही.

त्याच आठवड्यात ह्यांच्या बदलीचा हुकूम आला. लोणारच्या बाजूला, बीबी नावाच्या गावाला. तेव्हा हुकूम आला की निघायचं, रडायलाही सवड नसायची. सामान गाडीत भरलं, पारबताबाईंच्या गळ्यात पडून झालं. उकंडभाऊ कुठे दिसेनात. गाडी नदीकाठच्या वाटेनं निघाली आणि घाटावरच्या पिंपळाखाली ते दिसले.

बसले होते. नावेच्या काठाला पाठ टेकून, पाय पसरून, जसा काही जन्मभर हाच एक उद्योग केलेला. मांडीवर शिवळ. शेजारी वच्छला भाजलेलं कणीस खात काहीतरी सांगत होती आणि ते ऐकत होते. दुसरा हात काहीच चाचपत नव्हता. पलीकडे बाभळीवरचं पांढरं धोतर फाटेल इतकं फडफडत होतं.

मी गाडीतून ओरडले, “उकंडभाऊ, येते हो! कधी सोडायला जाणार वच्छलाला?”

ते उठले नाहीत. बसल्याबसल्याच त्यांनी दोन्ही हात जोडले.

“वारा पडला ना, मास्तरीनबाई,” ते म्हणाले. “पान नाही हालून राह्यलं.”

माझा पदर डोक्यावर ठरत नव्हता. तो धरून मी हो म्हटलं, आणि गाडी वळणापर्यंत जाईतो त्यांच्या डोक्यावरचा पिंपळ सळसळताना ऐकू येत होता.